दोन्ही कान नॉर्मल

सोमवार, ३ मार्च

सापडला! गुरुवारी सकाळी अकराला येणार आहे. अपॉइंटमेंटच्या वहीत त्याचं नाव मीच लिहिलं, माझ्या अक्षरात.

फोनवर त्याचा चिटणीस होता. "दादांना हल्ली ऐकायला कमी येतंय. कुणाला कळता कामा नये." मी म्हटलं, आमच्या दवाखान्यात कानाची तपासणी गुप्तच असते. आवाज अगदी मधाळ ठेवला. त्याला काय माहीत पलीकडे कोण बोलतंय ते.

लोक त्याला दादा म्हणतात. मी बिनतारी म्हणते. देवाचे निरोप थेट येतात ना त्याला — तार नको, खांब नको. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला असाच एक निरोप दिला. "आवाज आला. तुला गोळ्यांची गरज नाही." भावाला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून नऊ वर्षांत एकही आली नव्हती. गोळ्या सोडल्या आणि अकराव्या आठवड्यात आली. न्हाणीघरात. आतून कडी. दार मी फोडलं.

आणि आता याला ऐकू येत नाही म्हणे.

मंगळवार, ४ मार्च

आईशी पुन्हा खडाजंगी. विषय तोच.

मला वाटलं होतं, भाऊ गेल्यावर आई त्या माणसाच्या नावाने थुंकेल. उलटंच झालं. दर रविवारी सभेला जाते, पुढची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी. आज विचारलं, कसं जमतं गं तुला? भांडी विसळता विसळता म्हणाली, "देव नाही म्हटलं तर माझा मुलगा नुसताच गेला. तुला चालतं तसं. मला नाही चालत."

विसळलेली भांडी पुसायला घेतली.

पण हा विषय सोडून द्यायची सोय नाही. आईच्या छातीत धातूची झडप आहे, सहा वर्षांपूर्वी बसवलेली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी सातला. सुटली की गाठ धरते, गाठ मेंदूत गेली की खेळ खलास. हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तरी दर रविवारी बिनतारीला विचारते, माझी गोळी कधी सुटेल? आणि तो म्हणतो, "अजून तसा आवाज आलेला नाही."

भाव वाढवतोय, दुसरं काय. एक दिवस येईलच आवाज. त्याआधी मला त्याचं दुकान बंद करायचंय.

गुरुवार, ६ मार्च

झालं. सगळं नीट लिहिते.

वेळेवर आला. साधा शर्ट, झिजलेल्या चपला. मला ओळखलं नाही. ओळखेल कसा, मी त्याच्या सभेच्या हॉलची पायरी कधी चढलेच नाही. काचेच्या खोलीत बसवला, कानांवर हेडफोन, हातात बटण. नेहमीचं वाक्य म्हटलं — बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं, नाही आला तर नाही दाबायचं.

आणि मग मी त्याला शांतता ऐकवली. हा माझा डाव होता. मध्ये मध्ये काहीच वाजवायचं नाही, नुसतं थांबायचं. पुष्कळ लोक तेव्हाही दाबतात. परीक्षेत नापास व्हायला कुणालाच आवडत नाही. मी बारा वेळा थांबले. जो रोज देवाला ऐकतो तो बारात पाच-सहा वेळा तरी दाबेलच, आणि ते मी वर्तमानपत्राला देईन.

एकदाही दाबलं नाही. बारापैकी शून्य. सतरा वर्षांच्या नोकरीत इतका प्रामाणिक पेशंट मी चार-पाचच बघितले असतील. चडफडले.

पण कान मात्र गेलेले. खालच्या पट्टीतले जाड आवाज ठीक, वरच्या पट्टीतले बारीक आवाज अजिबात नाहीत, दोन्ही बाजूंना. कागदावरची रेषा जिन्यावरून गडगडत गेल्यासारखी. अशा माणसाला शांत खोलीत जवळून बोललेलं कळतं; गर्दीत मात्र समोरचा बोलतोय एवढंच कळतं, काय बोलतोय ते लागत नाही. कानाला मशीन लावलं की बऱ्यापैकी भागतं.

मशीन! म्हणजे मी याला मशीन देऊ? उद्यापासून हा पुन्हा नीट ऐकणार, नीट उत्तरं देणार, आणि लोक माना डोलावणार. माझ्या भावाच्या कानात आता काही जात नाही.

नवा कागद घेतला. उजव्या कानाला लाल गोळे, डाव्याला निळ्या फुल्या. दहा, दहा, पंधरा, दहा — चांगल्या कानाचे आकडे. शाळेत आकृती काढायचे तशी सुबक रेषा काढली. खाली लिहिलं — दोन्ही कान नॉर्मल. सही केली. डॉक्टरांकडे नेला. "रेषा सरळ आहे ना? झालं तर," म्हणाले आणि मोबाईलमधून मान वर न करता सही ठोकली.

हिशेब सोपा आहे. भरल्या सभेत लोक प्रश्न विचारतील आणि हा ठोंब्यासारखा बघत बसेल. समोरच्या बाईचं ऐकू येत नाही त्याला आभाळातलं काय ऐकू येतंय, हे लोकांना आपोआप कळेल. मला तोंड उघडायचीही गरज नाही.

कागद दिला तेव्हा त्याने तो बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाला, "ताई, मला एक आवाज येतो. बारीक. शीळ घातल्यासारखा. मनात प्रश्न धरला की कधी वाढतो, कधी थांबतो. त्यावरूनच मी लोकांना सांगतो. कान बिघडला की असा आवाज होतो का?"

होतो. बारीक आवाज गेले की कान आपली शीळ आपणच घालत बसतो. पहिल्या वर्षी शिकवतात.

"बिघडलेल्या कानात होतो," मी म्हटलं. "तुमचे कान नॉर्मल आहेत."

"नक्की?"

"यंत्राने सांगितलंय."

"मग तो कुठून येतो?"

"ते तुम्हीच सांगता ना लोकांना."

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. वठवतो झकास. जाताना मला नमस्कार केला.

शुक्रवार, ७ मार्च

खरा कागद फाडला. चिंध्या केल्या. बरं वाटलं.

रविवार, ९ मार्च

आईबरोबर सभेला गेले. तिला केवढा आनंद! वाटेत दोनदा माझा हात धरला.

मागच्या भिंतीपाशी उभी राहिले. तिसऱ्या रांगेतल्या एका शिंपीणबाईने सुनेच्या बाळंतपणाबद्दल विचारलं. तो समोर बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा. चौथ्यांदा ती उभी राहून विचारायला लागली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. हॉलमध्ये कुजबुज. दोन माणसं उठून गेली. एक जण दारात म्हणाला, "बहिरा झालाय लेकाचा."

मी रुमालात तोंड खुपसून हसले. दोन वर्षांनी पोटातून हसले.

बुधवार, १२ मार्च

भाजीवालीही म्हणाली, दादा बहिरे झालेत म्हणे. मी म्हटलं, असं का?

रविवार, १६ मार्च

हे काय होऊन बसलं.

आज मी गेले नव्हते. आई आली ती दारातूनच, "तू मला सांगितलं का नाहीस?" चेहरा लख्ख.

झालं ते असं. अफवा फार पसरली म्हणून चिटणीसाने भर सभेत कागद वर धरला. माझा कागद! "यंत्र म्हणतंय कान नॉर्मल. तरी दादांना आपलं बोलणं ऐकू येत नाही. मग सांगा, ते कुणाचं ऐकत असतात?" आईने पुढच्या रांगेतून सही ओळखली. उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझ्या मुलीची सही आहे. ती देवाचं नावसुद्धा घेत नाही. तिने लिहून दिलंय."

सगळा हॉल उभा राहिला म्हणे. कितीतरी जण रडले. भाविकाने लिहून दिलं असतं तर चार जणांनी शंका काढली असती, माझ्यासारखीवर कोण शंका घेणार? "इतकी वर्षं नुसता विश्वास होता," आई म्हणाली. "आता पुरावा मिळाला."

कागदाला चौकट करणार आहेत. काचेची.

मंगळवार, १८ मार्च

काम सुचत नाही. एका आजोबांचा उजवा कान दोनदा तपासला, डावा तसाच राहिला.

खरं सांगावं तर नोकरी जाते, परवाना जातो. सतरा वर्षं! आणि कुणासाठी, त्याच्यासाठी? मेले तरी नाही सांगणार. आज रस्ता ओलांडताना मनात आलं, त्याला सायकलची घंटी अजिबात ऐकू येणार नाही. हे सुचलं आणि दिवसभरात तेवढंच एक बरं वाटलं. खरं आहे म्हणून लिहिते. मी चांगली बाई नाही. तोही चांगला नाही, फिटंफाट.

रविवार, २३ मार्च

आवाज आला.

आईच्या गोळीबद्दल. बिनतारीने सगळ्यांसमोर सांगितलं, आता गोळी नको. आई म्हणते, याआधी ते इतकं ठाम कधी बोलत नव्हते. "माझी शंका गेली," म्हणाले.

सात वाजून गेले. आई समोर बसून वाटाणे सोलतेय. गोळी घेतली नाही.

सोमवार, २४ मार्च

सांगितलं. तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. तो कागद खोटा आहे. मी खोटा काढला. सूड म्हणून. त्याचे कान गेलेत, ती शीळ कानाची आहे, देवाची नाही.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तेव्हा खोटं लिहिलंस की आत्ता खोटं बोलतेस?"

"तेव्हा लिहिलं."

"नाही गं. तू कामात खोटं लिहिणारी नाहीस. शाळेत शेजारणीने उत्तर दाखवलं म्हणून स्वतःच उठून बाईंना सांगणारी तू. माझी गोळी सुटू नये म्हणून आत्ता बोलतेयस." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "देवाला मी काय ओळखणार. तुला ओळखते."

गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात होतं, चहाच्या चोथ्याखाली. काढलं, पुसलं, कपाटात ठेवलं.

मंगळवार, २५ मार्च

गोळी कुटून चहात घातली. आईने एक घोट घेतला, कप खाली ठेवला, माझ्याकडे बघत राहिली.

"त्यालाही अशीच द्यायचीस का?"

नव्हते देत. भावाने गोळ्या सोडल्या तेव्हा हे सुचलंच नव्हतं.

आता स्वतःचा चहा स्वतः करते. पाणीसुद्धा माझ्या हातचं घेत नाही.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी हॉलवर गेले. म्हटलं, जाऊ दे नोकरी. बिनतारी नव्हता, चिटणीसाला सगळं सांगितलं. तो हसला. "तुमच्या आई म्हणाल्याच होत्या, तुम्ही येऊन असं काही सांगाल." मग चिठ्ठीचं एक पाकीट आणून दाखवलं. दादा किती निर्मळ आहेत ते बघा, म्हणाला. बिनतारीने तपासणीला निघताना त्याच्याकडे देऊन ठेवलेलं, कानांत दोष निघाला तरच उघड म्हणून. दोष निघाला नाही, पण याला राहवलं नाही, त्याने उघडलं.

तारीख ६ मार्च. अक्षर वाकडंतिकडं. उतरवून आणलंय —

"माझ्या शब्दावर एका मुलाने गोळ्या सोडल्या आणि तो गेला. तेव्हापासून मला झोप नाही. यंत्राने कान बिघडलेत असं सांगितलं, तर मी ऐकत होतो तो माझाच कान होता, देव नव्हे. मग आजच सभा बंद कर. ज्यांनी ज्यांनी औषधं सोडली त्यांच्या घरी आज संध्याकाळच्या आत जा आणि पुन्हा सुरू करायला सांग. त्या मुलाच्या आईकडे मी स्वतः जाईन."