दोन खुणा नसलेलं रक्त आणि माझं सामान

हे कालच लिहायचं होतं. काल पेन सापडलं नाही, आणि सापडलं तेव्हा खिडकीखाली दोन गवंडी कुणाचा ओळंबा खरा यावरून भांडत होते, ते ऐकत बसले. आज टाळायला काही उरलं नाही. उद्या सकाळी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे.

सबब मी, वय सव्वीस, घरात भिंगरी म्हणून ओळखली जाणारी, शिक्षण अर्धवट, धंदा गावोगाव फिरून लहान दुकानांच्या नोंदी कंप्युटरवर लावून देण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने खालीलप्रमाणे लिहून ठेवते. आई फोनवर रडते आहे, पण तो दबाव धरू नये.

एक. आईच्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा आईलाच. बँकेत जे काही आहे तेही तिचंच. ते तिने माझ्या नावाने वाटत बसू नये, स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावं.

दोन. मोटरसायकल दादाला. तिसरा गिअर अडकतो. शिव्या दिल्या की पडतो. मी घर सोडलं तेव्हा दादा म्हणाला होता, "जा, पण आजारी पडलीस तर आमच्या दारात येऊ नकोस." मी गेले नाही. दुखणं अंगावर काढलं ते त्याच्यामुळे नव्हे, माझ्या हट्टापायी. परवा तो इथे येऊन तपासणीला रक्त देऊन गेला, माझ्याशी अवाक्षर न बोलता. जुळलं नाही, आईचंही नाही. आमचं भांडण मी या कलमाने संपवते. ते वारसाहक्काने कुणाकडेही जाणार नाही.

तीन. पाने, पक्कड आणि कंप्युटर मामाला. त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी लहानाची मोठी झाले. एकदा त्याने विचारलं, "तेराचा पाना कुठल्या पेटीत आहे?" मी सगळ्या पेट्या उघडून म्हटलं, "नुसता तेराचा पाना असलेली पेटी एकही नाही."

"अगं भवाने, नुसता कुठे म्हटलं मी? बाकीच्या पसाऱ्यात तोही ज्या पेटीत आहे, ती दे!"

पुढे जे काय शिकले ते एवढ्यावरच उभं आहे. मामाला हे सांगायचं राहून गेलं.

चार. हे जरा सविस्तर लिहिते, कारण मागाहून आई विचारील काय झालं. जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात असणाऱ्या दोन खुणा माझ्या रक्तात नाहीत. त्या ज्याच्यात आहेत त्याचं रक्त मला चालत नाही. रक्तदात्यांच्या नोंदीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना असतो, आणि त्याच्या रक्तात नसलेल्या खुणांची अख्खी यादी त्या एकाच रकान्यात असते. रक्तपेढीतल्या ताईने शोध घेतला. उत्तर आलं, कोणी नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघता येणार नाही, आहे त्यात निभावून नेऊ.

आज दुपारी ताई चहाचा कप घेऊन माझ्या खाटेशी टेकली.

"ताई, कंप्युटरला विचारलंत कसं?"

"रकाना, मग बरोबरचं चिन्ह, मग या दोन खुणा. मग काय, गुणिले लावू?"

"बरोबर म्हटलं की याच दोन, याच क्रमाने, असाच माणूस येणार ना? आणि ज्याच्यात या दोन नाहीत, वर तिसरीही नाही, तो?"

ताईने कप खाली ठेवला. "अगं, तो गाळला गेला की! आणि ज्याची यादी उलट लिहिलीय तोसुद्धा!" अर्धा चहा इथेच टाकून ती पळाली.

तिने परत विचारलं, यादीच्या आत या दोन्ही आहेत का, बाकी काहीही असो. एक नाव आलं. तीन खुणा नसलेली एक बाई, मालट्रक चालवते. तिचा फोन बंद आहे. ताई लावतेच आहे.

पाच. ती आली नाही तर तिला कोणी बोल लावू नये. तिला ठाऊकच नाही की कोणी तिला शोधतंय. ताईलाही दोष नाही. जे विचारलं त्याचंच उत्तर यंत्राने दिलं. फक्त यापुढे यादीच्या आत डोकावल्याशिवाय कुणालाही "कोणी नाही" असं सांगू नये.

सहा. मला भीती वाटते. हे कलम मृत्युपत्रात बसतं का माहीत नाही. शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका म्हणतात, "लिही गं पोरी, कागद कुठे नाही म्हणतोय?"

ठिकाण : रुग्णालय, खिडकीकडची खाट.
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना.
लिहून देणार : भिंगरी (सही केली आहे)

साक्षीदार पहिला : शिंपीकाका. सही माझ्यासमोर झाली. पोरीचं डोकं ठिकाणावर होतं.

साक्षीदार दुसरा : परिचारिकेला हाक मारली आहे.

आली वाटतं. नाही, परिचारिका नव्हे. दारात कुणी अनोळखी बाई आहे, धापा टाकते आहे, एक बाही कोपराच्या वर सारलेली. विचारते आहे, "रक्त द्यायचं ते इथंच का? लवकर सांगा हो, खाली माझ्या ट्रकात बर्फ वितळतोय."