दहावी रेकॉर्ड

प्रिय डंकन,

तू नाहीसा झाल्याला पाच आठवडे झाले. रविवारपासून मी रोज दुपारी तुझ्या खोलीवर जाऊन तुझ्या त्या लाडक्या बँडची एकेक रेकॉर्ड ऐकते. अगदी क्रमानं, "मधलीच उचललीस तर काही कळायचं नाही, विनी," असं तूच दरडावायचास ना? एकेक गाणं अख्खी बाजू खातं, पण आता ऑर्गन घुमायच्या आधीच माझ्या अंगावर काटा येतो.

ऐकून झालं की कव्हरवर पेन्सिलीनं तारीख टाकायची तुझी सवय. पहिल्या पाचांवर तू जाण्याआधीच्या तारखा आहेत. आज सहावी काढली, तर तिच्यावर या सोमवारची! अक्षर तुझंच. घाबरून पुढच्या उपसल्या. सातवीवर मंगळवार, आठवीवर बुधवार, नववीवर काल.

खालच्या मिसेस पेलिंग म्हणाल्या, "अगं, जिना केवढा करकरतो! तुझ्याशिवाय कुणी आलं असतं तर मला कळलं नसतं होय?"

दहावी शेवटची. ती कोरी आहे. जाण्याआधी तू म्हणाला होतास, "एकदा दहाही ऐकून झाल्या, की मी मोकळा." तेव्हा मी हसले होते.

पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. दहावी मी घरी आणली आहे. हवी असेल तर माझं दार वाजव.

तुझी बहीण,
विनी