भटियारनीच्या घरी विहीन

आदिलाबाद,
१८ डिसेंबर

प्रीतीताई,

चुकलंमाकलं सुधारून वाच. नववीतून शाळा सोडल्यापासून लिवनं सुटलं, अन मोबाईलवर एकेक अक्षर शोधून राह्यली. आमी सारे बरे. थंडी लय हाय. दवाखान्यात भरती असलेल्यांच्या घरच्यांनी आपल्या खोल्या भरल्या.

फोनवर बोलाचं होतं, जमलं नाही. घाबरू नको.

परवा सांजच्याला दारात एक बाई आली. "भाऊ दवाखान्यात हाय. ऑटोवाला म्हने, इथं भटियारीन पैसे घेऊन बायाले उतरू देते, भाकर बी घालते. कोन हाय भटियारीन?"

पाह्यलं तं तुही सासू, कुसुमबाई. लगन मामाच्या घरून झालं, मी ताप येऊन आतच पडून होती, म्हनून त्याईनं मले वळखलं नाही. आई आत भाकरी थापत होती. तुले तो शब्द किती लागाचा ते मले ठाऊक हाय, शाळेत पोरी भांडनात तोच काढत. म्हनून तं तू सासरी सांगतलं, आई घरीच असते.

माह्या तोंडातून निघालं, "मीच."

"एवढीशी?" त्या हसल्या.

उतारू जेवल्याबिगर नाव-गाव इचाराचं नाही ही आपली रीत. मी इचारलं नाही, तं त्याईनं बी माहं नाव इचारलं नाही, तेवढ्यावर निभलं. पन एक घास खाल्ला अन म्हनल्या, "पोरी, ही भाकर तुह्या हातची नाही. जिनं केली तिले बोलाव."

आईच हात पुसत बाहेर आली.

"विहीनबाई, तुमी?" कुसुमबाई म्हनल्या.

"हो. मीच भटियारीन."

मले वाटलं, गेलं ताईचं घर.

कुसुमबाई खाली पाहून जेवत राह्यल्या. मंग म्हनल्या, "माही सासू मले भटियारीन म्हने, भांडखोर म्हनून. मी तं कोनाले पानी बी इचारलं नोतं. तुमी निदान खाऊ घालता."

आई हसली. मले रडू आलं, म्हनून पानी आनाले गेली.

त्या अजून इथंच हायेत. आईसंगं भाकरी करतात. म्हनतात, "प्रीतीनं आपल्या तोंडानं सांगतलं तं रागावनार नाही. नाही सांगतलं तं लय रागवीन."

सांगून टाक, ताई. अन संक्रांतीले मामाकडं नको, इथं ये. लग्नापासून तू या दारात आली नाही. कितीबी गर्दी झाली तरी तुही खोली आई कोनाले देत नाही. कुसुमबाईले बी नाही देली.

वाट पाहून राह्यलेली,
नीलिमा

अन हो, आपला भाऊ वैभव तेलुगूच्या पेपरात पास झाला.