सात भाग झाले, अजून बोलला नाही

४ जानेवारी, रविवार

सात भाग झाले! सात! आज त्या मालिकेतल्या साहेबानं काय केलं, तर तिच्या हातमोज्याला बोट लावलं आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. आणि मी कणीक मळायची सोडून हे बघत बसले!

राजवर्धन दिवाळीला आला तेव्हा टीव्हीवर या इंग्लिश मालिका लावून देऊन गेला. आई, तुला आवडतील म्हणाला. बंगले सुरेख, कपडे सुरेख, घोडे तर काय विचारू नका. पण माणसं? त्याला ती आवडते, तिला तो आवडतो, स्वयंपाकिणीलासुद्धा कळलंय. आणि हे दोघं आपले हवापाण्यावर बोलतात. तोंडात मिठाची गुळणी धरलीय जशी.

समोरच्या बाळासोंचा डबा आला. पांढरा रस्सा.

६ जानेवारी

राजवर्धनचा फोन. ३१ तारखेला पुण्याला यायचंच, कायमचं. कसबा बावड्यातला हा फ्लॅट भाड्यानं देऊ, एकटी किती दिवस राहणार तू? मी बरं म्हटलं. मला जायचं नाही. का जायचं नाही, ते मुलाला कसं सांगू?

इथं लिहायला काय हरकत आहे! समोरच्या फ्लॅटमधले बाळासो. साखर कारखान्यातून रिटायर झालेत, बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझे हे जाऊन नऊ. दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी स्वतः रस्सा करून डबा आणून दिला. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. मी शेंगदाण्याचे लाडू घालून दिले. मग तो डबा त्यांनी तरी रिकामा कसा ठेवायचा? पुढच्या रविवारी परत रस्सा. तेव्हापासून हे चालूच आहे. बोलणं दारातच — मीठ बरोबर झालंय का, पाणी किती वाजता येणार.

मला ते आवडतात. झालं! लिहिलं एकदाचं. साठाव्या वर्षी.

११ जानेवारी, रविवार

आठवा भाग. साहेबानं पानभर पत्र लिहिलं आणि विस्तवात टाकलं! मी टीव्हीवर ओरडले, अरे बोल की लेका!

डबा आला. दारातच पुण्याचं सांगितलं. बाळासोंनी जिन्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तिकडं मटण चांगलं मिळत न्हाय, मॅडम."

एवढंच!! दार लावून घेतलं.

१२ जानेवारी

डबा घासला. तिळाच्या वड्या भरल्या. काढल्या. परत भरल्या, परत काढल्या. शेवटी रिकामाच नेऊन हातात दिला आणि मागं न बघता आले. मरू दे ती रीत. या रितीपायी दोन वर्षं गेली.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळा मजला तिळगूळ द्यायला येऊन गेला. ते नाही आले.

१८ जानेवारी, रविवार

डबा नाही. नववा भाग लावलाच नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पोरांना उभं करून उत्तरं मागितली. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंड न उघडता भल्या माणसाचा अपमान केला. त्या साहेबाला आता कुठल्या तोंडानं नावं ठेवू? फार चुकलं माझं.

१९ जानेवारी

आले! सकाळी नऊला, इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या हातानं. आत येऊन खुर्चीवर बसले — दोन वर्षांत पहिल्यांदा. दोन पेले पाणी प्यायले. आठवडाभर एकच विचार करत होते म्हणे, डबा चुकून रिकामा आला का मुद्दाम.

"मुद्दाम," मी म्हटलं. "डब्यातनं किती वर्षं बोलायचं?"

मग म्हणाले, "पुण्याला जाऊ नगा. लगीन करूया आपण."

इतकं हलकं वाटलं की रडूच आलं मला. पण राजवर्धनला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही, असं सांगितलं. ते काहीतरी बोलायला गेले, पण अर्ध्यावरच सोडलं. तसेच उठून गेले.

पोरगा काय म्हणेल? त्यानं बोलणंच टाकलं तर?

२० जानेवारी

राजवर्धनला फोन केला. तीनदा खाकरले, मग सांगून टाकलं. तो हसायलाच लागला. "आई, बाळासोकाकांनी दिवाळीतच मला गच्चीवर नेऊन मागणी घातलीय. मामालाही भेटून आले. आम्ही दोघंही हो म्हटलंय. फक्त तुला त्यांनीच विचारायचं, अशी अट घातली होती." आणि पुण्याचं काय मग? ते म्हणे काकांना घाई व्हावी म्हणून!

तीन महिने! सगळ्यांना विचारून झालं, मला सोडून! फोन ठेवला, अनवाणीच समोर गेले, बेल दाबली आणि दार उघडायच्या आतच हो म्हणून टाकलं.