माझ्या जमिनीचं मत

मी, युडोरा मिलिसेंट स्कीट, कै. जोसाया स्कीट यांची विधवा, धंदा पाव भाजण्याचा, राहणार टॅमरिंड कॉर्नर, सेंट ऑबिन परगणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाणी छातीत झालं आहे, डोक्यात नाही. दबाव आणू पाहणारे गृहस्थ बाहेरच्या खोलीत माझ्याच खुर्चीत बसून माझाच पाव खात आहेत. माझ्या नावाने त्यांनी जो कागद लिहून आणला आहे तो चुलीत घालावा.

हे गृहस्थ म्हणजे श्री. थिओफिलस यीअरवुड, आमच्या परगण्याचे विधानसभेतले सभासद. आमच्याकडे निवडणूक दरवर्षी, आणि दरवर्षी तेच निवडून येतात, कारण मत देणारे मूठभर, आणि त्या मुठीत हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, ठेवलं की ती मिटते. ज्याची जमीन ठरावीक किमतीची, त्यालाच मत. माझी जमीन त्यात जेमतेम बसते. पाव विकून घेतली, खरेदीखत माझ्या नावावर. पण मी पडले बाई, म्हणून मत द्यायचा माझा नवरा.

जोसाया पनामाचा कालवा खणून परतला, त्या वर्षी तो मत द्यायला निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले होते. चर्चच्या कचेरीत, मत ज्याला द्यायचं त्याचं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं असतं. कारकुनाने विचारलं, "जमीन कोणाची?"

"बायकोची."

"मत कोणाचं?"

"माझं, साहेब."

मी दारातून ओरडले, "आणि अक्कल कोणाची, तेही लिहून घ्या!" शिपायाने मला बाहेर काढलं. जोसाया यीअरवुडचं नाव घेऊन, हॅम काखेत मारून घरी आला. मी ते कुत्र्याला घातलं. नवरा वाईट नव्हता, गरीब स्वभावाचा होता. देव त्याला सुखात ठेवो.

तो तापाने गेला आणि यीअरवुडचं एक मत गेलं. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की तो मला स्थळं पाठवू लागला. पहिला आला निवृत्त हवालदार लॅशली. माझ्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याने कुंपणाकडे पाहिलं. म्हणाला, "बाई, एकटीने किती दिवस काढणार?" म्हटलं, "निवडणूक होईपर्यंत." पुढच्या वर्षी कबरी खणणारा पाठवला. त्याला निदान जमिनीतलं काही कळत होतं.

आता वाटण्या.

भट्टी, लाकडी काथवट, पाव भाजायचे पत्रे आणि पावाचं गिऱ्हाईक ऱ्होडा गिटेन्स हिला. ही विधवा माझ्याबरोबर भट्टीपुढे भाजून निघाली आहे. तिचा मिठाचा हात जड आहे, तो तिने सुधारावा.

यीअरवुडने आणलेलं, स्वयंपाकघरात टांगलेलं यंदाचं हॅम माझा जावई डार्नली बोर्न याला. अख्खं. बाकी त्याला काही नाही.

घर आणि जागेचं सविस्तर लिहिते. यीअरवुडच्या कागदात ती माझ्या मुलीला, इझमेला, आणि "तिच्या पतीला" दिली आहेत. कागद आला तेव्हा डार्नली मागे टोपी हातात धरून उभा होता, मग माझ्या खाटेवर टेकला. "आई, घराला पुरुषाचं नाव असलं की वजन पडतं हो."

"वजन माझ्या पायांवर पडतंय. ऊठ."

एकट्या इझमेला घर दिलं तरी पुढच्या वर्षी हा बाप्या कचेरीत उभा राहून "मत माझं, साहेब" म्हणणार. ते मी मेल्यावरही ऐकून घेणार नाही. म्हणून घर आणि जागेचे तीन सारखे हिस्से: इझमे बोर्न, ऱ्होडा गिटेन्स आणि माझी नणंद ड्रुसिला स्कीट. एकाही हिश्श्याची किंमत मतापुरती भरत नाही, म्हणून एकाही हिश्श्यावर मत उभं राहत नाही. नवरा असो, नसो.

माझ्या बहिणीच्या लग्नातला मी भाजलेला केक कच्चा होता असं ड्रुसिलाने चर्चभर सांगितलं, तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. हा हिस्सा म्हणजे बोलणं नव्हे. पण तिच्याकडून कोणी काही सोडवून घेतल्याचं मी जन्मात पाहिलं नाही, तो हट्ट मला हवा आहे. केक कच्चा नव्हता.

इझमे, बाळ, तुला राग येईल. मरेपर्यंत या घरातून तुला कोणी हलवू शकणार नाही, ती अट मी घालते आहे. तुझं काही काढून घ्यायचं नव्हतं गं. त्याच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

बायकांना मत देण्याचा कायदा कधीतरी होईल. झाला, की हयात असलेल्यांनी आपले हिस्से इझमेच्या नावे करावेत. इझमे नसेल तर जी सर्वांत लहान असेल तिच्या. तिने माझी निळी हॅट घालून कचेरीत जावं. नाव कोणाचंही घ्यावं, मला त्या नावांशी कर्तव्य नाही. कारकुनाने विचारल्यावर "जमीन माझी, मत माझं" एवढं मात्र दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणावं.

साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. यीअरवुडला काहीच मिळत नाही, म्हणून त्यालाच आत बोलावते आहे. त्याला वाटतं मी त्याच्या कागदावर सही करते आहे. कागद दुमडून फक्त तळ दाखवीन. तो वाचणार नाही. विधानसभेत तरी कुठे वाचतो? उद्या कोर्टात म्हातारी भ्रमिष्ट होती म्हणाला, तर खाली त्याचंच अक्षर आहे.

सही: युडोरा मिलिसेंट स्कीट
टॅमरिंड कॉर्नर, ४ ऑक्टोबर १९२१

बाईंनी पूर्ण शुद्धीत, आम्हा दोघांच्या समक्ष सही केली:

थिओफिलस यीअरवुड, सभासद, विधानसभा

बेरिल इनिस, सुईण. मी वाचून सही केली.