वास्त्यांचं दुसरं मडकं

प्रिय निशा,

पत्राच्या वरती प्रिय लिहा लागते म्हणून लिहिलं, राग गेला म्हणून नाई. फोन काऊन नाई केला असं विचारशील. फोन असते तुझ्या बापाच्या खिशात, रेंज सापडते टेकडीवर, अन् मी टेकडीवर निघाली की तुझा बाप लच्छू कान देत मागं-मागं येते. मले जे सांगायचं ते त्याच्यासमोर सांगायचं नाई. म्हणून तिसरी शिकलेल्या हातानं लिहून राह्यली. आपला गोपाल चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरले कामावर चालला, तो तुझ्या होस्टेलात आणून देईल. माझ्या अक्षराले हासू नको, तुझं तरी कोणतं मोत्यासारखं आहे.

इकडं तेंदूपत्ता मोजून घ्यायची फडी लागाची वेळ आली. हैदराबादले गेलेले पोट्टे सारे परतले. शेजारची मंगली पत्त्याचे पुडके बांधाले झाडाची साल सोलून राह्यली अन् सोलता सोलता साऱ्या गावाची चौकशी करून राह्यली. तुझीही केली. पोरगी काय शिकते म्हणे. मी म्हटलं, रसायन. ती म्हणे, पिकावर फवाराचं का? मी हो म्हणून सोडून दिलं.

खरं तं मले तिले सांगता आलं असतं. पोळ्याले तू आली होती तेव्हा बांबूचे कोवळे कोंब, आपले वास्ते, मी कापून आंबवाले घेतले. तू म्हणाली, आजी, दोन मडकी करू. एक चुलीजवळ ठेवलं, दुसरं न्हाणीमागच्या ओल्या मातीत. मग उठता-बसता नाक खुपसून हिंडली, जसं काही मडक्यात लेकरू निजलं होतं. चुलीजवळचं असं आंबलं की कुत्र्यानं वास घेऊन तोंड फिरवलं. माझे वास्ते वाया गेले, मी तुले नाई नाई त्या शिव्या दिल्या, अन् तू हासत होती! हेच तं पाह्याचं होतं, म्हणे. ऊब वाढली की आतलं काम झपाट्यानं होते, त्याचा हिशोब म्हणजे कायनेटिक्स. अन् थर्मोडायनॅमिक्स म्हणजे ती गोष्ट आपोआप होऊ शकते का नाई एवढंच सांगते, आज होईल का पुढच्या जन्मी ते त्याले विचारायचं नाई. चुलीतलं लाकूड उचलून म्हणाली, हे जळणारंच आहे, तरी नुसतं ठेवलं तं पेटत नाई. सुरुवातीले आगकाडी दाखवा लागते, मग आपलं आपण जळते. पसारा आपोआप वाढते असंही काही सांगितलं. मी म्हटलं, त्यासाठी चंद्रपूरले काऊन जा लागते, तुझ्या बापाची खोली पाह्य. तं म्हणे, नाई आजी, किती वाढला ते मोजा लागते. मोजणं मले कुठं येते?

पण बाकीचं मले समजलं. अन् माझ्यासारखीच्या डोक्यात शिरलं म्हणजे सांगणारीच्या डोक्यात ते होतंच. मग चाचणीत मार्क कुठं गेले? गणित आलं की हात थांबते म्हणते. तुझ्या खोलीतली भद्रावतीची स्वाती पटापट सोडवते म्हणते. तं तिच्याजवळ जाऊन बस. विचाराले तोंड नाई का? माझ्यासंग भांडाले तं केवढं तोंड आहे.

आता पत्र काऊन लिहिलं ते ऐक. परवा तू बापाले फोन केला की घरी हात कमी आहेत, मी पेपर सोडते अन् तेंदूपत्त्याले येते. तो खूश. पोरगी मायेची आहे म्हणे. पण मी काय तुले आज ओळखते? तू पत्त्याले आली की घंटाभरात झाडाखाली झोपलेली सापडते. तू भिऊन पळून राह्यली अन् नाव आमचं पुढं करून राह्यली. म्हणून काल फडीची जागा साफ कराले सारे जमले, तेव्हा मी सगळ्यांच्या समोर सांगून टाकलं, निशा येत नाई, तिचा पेपर आहे. तिच्या जागी मंगलीची रंभा आमच्यासंग जंगलात येईल. लच्छूनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं पाह्यलं. त्यानं बंद केलं. आता तू बसमधून उतरली तं साऱ्या गावात मी खोटी पडते, अन् तुझ्यापायी मी खोटी पडणार नाई. पेपर दे. नापास झाली तं पुन्हा दे, पण देऊनच घरी ये. न्हाणीमागचं ते दुसरं मडकं तू गेल्यावर उघडलं होतं. हळूहळू, पण बरोबर आंबलं होतं. त्यातले वास्ते वाळवून वर टांगून ठेवले आहेत. तुझा बाप रोज मागते. देत नाई.

तुझीच,
शिव्या राखून ठेवलेली आजी