भाजीच्या वाफ्यांच्या जिवावर उठलेल्या दादाला

दादा,
तू मोठा आहेस म्हणून नमस्कार, एरवी केला नसता.

मी वेळेवर जेवते, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

मी राहते त्या इमारतीमागे मी इथल्याच कॉलेजच्या पोरांना घेऊन सगळ्यांसाठी भाजी लावलीय. तो टवाळखोरांचा अड्डा आहे, असं सांगून तू फोनवर घरमालकाचे कान भरलेस. त्यानं बागेच्या नळाला कुलूप घातलं. पोरं पांगतील आणि मी गाशा गुंडाळून घरी येईन, असंच वाटलं ना तुला?

पोरं आता आपापल्या घरातून बादल्या भरून जिने उतरतात. वांगी वाळली, पालक मात्र तगला. काल घरमालकाची बायकोच बादली घेऊन आली. म्हणाली, "पाणी घाला तुम्ही. ह्यांचं मी बघते."

पुन्हा फोन केलास, तर तीच उचलेल.

नाइलाजानं तुझीच,
धाकटी